सासूबाईंच्या शेजारची जागा

६ जून, शुक्रवार

शाळेत मधल्या सुट्टीत आम्ही तिघी धुलाईघरामागच्या पायऱ्यांवर बसायचो. मित्सुएच्या काकांचं केकचं दुकान होतं. कासुतेरा केक कापून उरलेल्या कडा ती कागदात गुंडाळून आणायची. समोर सिस्टर लोकांच्या चादरी वाळत असायच्या, साबणाचा वास यायचा. सायो कडेला चिकटलेली जाड साखर नखाने खरवडून शेवटासाठी ठेवायची, मी ती आधीच खाऊन टाकायची. खिडकीतून सिस्टर ओदील म्हणायच्या, "खायचं तर तोंड मिटून, बोलायचं तर घास गिळून." आम्ही दोन्ही एकदम करायचो. तिथे कुणी काही महत्त्वाचं बोलल्याचं मला आठवत नाही, तरी ती दुपार मात्र कालची वाटते.

आज आम्ही तशाच एका ओळीत बसलो होतो, पायऱ्यांऐवजी स्टेशनजवळच्या रेस्टॉरंटच्या मऊ बाकावर. समोर बसलं की सायोला नीट ऐकू येत नाही. मांजराच्या तोंडाचा रोबो सूप घेऊन आला आणि मित्सुएची पिशवी वाटेत होती म्हणून थांबला. "कृपया बाजूला व्हा, म्याव," म्हणाला. मित्सुएने पिशवी हलवली नाही. रोबोने पुन्हा तेच तितक्याच गोडव्याने म्हटलं. "आमच्या सुनेला पाठवते तुझ्याकडे शिकायला," ती त्याला म्हणाली, आणि मग पिशवी उचलून तिच्यातून एक माहितीपत्रक काढून टेबलावर ठेवलं.

हायड्रेंजियाच्या फुलांची बाग, मधोमध एक कापराचं झाड, खाली समुद्र. मला वाटलं सहलीचं आहे. ते थडग्यांचं होतं.

याबद्दल पेपरात वाचलं होतं मी. हल्ली बायका नवऱ्याच्या घराण्याच्या सामाईक थडग्यात आपल्या अस्थी ठेवायला नको म्हणतात आणि मैत्रिणी-मैत्रिणी मिळून जागा घेतात. 'थडगे-मैत्रिणी' असा शब्दही निघाला आहे. तांदूळ महागले, मुलं जन्मेनात, अस्वलं गावात शिरतात. बातमीत काहीतरी आनंदाचं हवं म्हणून हे देत असावेत.

मित्सुएचं म्हणणं सरळ आहे. तिचे यजमान बिजवर होते आणि आता पहिल्या बायकोशेजारी पडून आहेत. "त्यांचं छान जमलं असेल एव्हाना. मी तिथे जाऊन काय दोघांना चहा करून देऊ?" सायोने लग्नच केलं नाही. भावाच्या थडग्यात जायचं तर भावजयीला विचारावं लागेल, आणि तिच्याकडे सायो वाटीभर साखरही मागत नाही.

"आणि तू?" मित्सुएने मला विचारलं.

मला आमचं थडगं दिसलं. डोंगरावर, दमवणाऱ्या पायऱ्या चढून गेल्यावर, आणि आत सासूबाई. त्यांच्याबरोबर एका स्वयंपाकघरात माझी उमेदीची वर्षं गेली. पण तेव्हा निदान बाजाराला म्हणून बाहेर तरी पडता यायचं.

मी हो म्हणून टाकलं. घरी येताना ट्राममध्ये लक्षात आलं, की आम्हा तिघींत नवरा जिवंत असलेली मी एकटीच.

९ जून, सोमवार

आज सांगून टाकलं. म्हणजे जवळजवळ.

कपड्यांच्या घड्या घालताना मनाशी तालीम करत होते. आमचे यजमान, इवाओ, टीव्हीसमोर होते. उत्तरेकडे कुठेतरी अस्वल सुपरमार्केटात शिरलं होतं. "आई, ते आधी कुठे गेलं असेल?" त्यांनी विचारलं. आकिहो जन्मल्यापासून ते मला 'आई' म्हणतात. मुलगी लग्न होऊन फुकुओकाला गेली, पण मी काही त्या पदावरून उतरले नाही. मी म्हटलं, मांसाकडे. ते म्हणाले, मधाकडे. बातमीत ते सांगितलंच नाही, त्यामुळे दोघंही थोडे नाराज झालो.

मी घसा खाकरला तेवढ्यात तेच म्हणाले, "ओबोनला पितर यायच्या आधी थडग्यावरची अक्षरं सोनेरी करून घेतो म्हणतोय. पाथरवट माएकावा येणार आहे. माझं नावही घालून ठेवावं, जिवंत माणसाचं म्हणून लाल रंगात. तुझंही घालू का बरोबर?"

"राहू दे," मी म्हटलं.

झालं. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. ना वाद, ना स्पष्टीकरण. सिस्टर ओदील म्हणायच्या, नकार द्यावा तो रेशमात गुंडाळून. माझा तसाच गेला.

रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "आणखी भात?" मी म्हटलं, राहू दे. त्यांनी लगेच भांड्यावर झाकण ठेवलं. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, माझ्या 'राहू दे'नंतर त्यांनी मला एक शीतही जास्त वाढलेलं नाही. या बाबतीत मी नशीबवान आहे. सायोच्या वहिनीला दोनदा नाही म्हटलं तरी ती वाढतेच.

२० जून, शुक्रवार

बाग पाहून आलो. बस अगदी दारात थांबते. हायड्रेंजिया ऐन भरात होते. पांढरे हातमोजे घातलेल्या एका तरुण मुलीने सगळं दाखवलं. 'मेल्यावर' असं ती एकदाही म्हणाली नाही. 'इथे मुक्कामाला आल्यावर' म्हणत होती. मित्सुएने विचारलं, "मुक्कामात नाश्ता आहे का?" मुलीने हसू नये म्हणून नोंदवहीत तोंड घातलं.

झाडाखाली एकच मोठा कक्ष, त्यात तिघींचे अस्थिकलश शेजारी शेजारी. मध्ये कोण, यावर वाद झाला. मित्सुए म्हणाली, मध्ये मी, कारण मला दोघींशीही बोलायचं असतं. सायो म्हणाली, मध्ये मी, नाहीतर मला ऐकू येणार नाही. मला कडेला चालेल म्हटलं. मी नेहमीच कडेला असते.

मग ती मुलगी मऊपणे म्हणाली, की घरच्यांना आधी सांगून ठेवावं. नाहीतर पुढे मुलं येतात, नवरे येतात, अस्थी परत मागतात, आणि बागेत भांडणं होतात. जागा ती ओबोनपर्यंत राखून ठेवेल, पण माझ्या बाबतीत यजमानांनी स्वतः फोन करावा.

"हिच्या यजमानांना सगळं माहीत आहे," मित्सुए म्हणाली.

मी मान हलवली. माहीत आहेच की एका अर्थी. नाव घालायचं नाही हे कळलं म्हणजे बाकी कळायला कितीसा वेळ लागतो?

४ जुलै, शुक्रवार

सायोच्या भाचीच्या मुलीने नोकरी सोडली. स्वतः नव्हे. हल्ली कंपन्या असतात म्हणे, पैसे भरले की सकाळी साहेबाला फोन करून सांगतात, तुमची अमुक आजपासून येणार नाही. मुलगी तोवर झोपलेली. सायोला हे भयंकर वाटतं, मित्सुएला उत्तम वाटतं आणि मला हेवा वाटला.

मित्सुएने लगेच रेडिओवरच्या निवेदिकेचा आवाज लावला आणि माझ्या सासरी फोन केल्यासारखं बोलली. "नमस्कार. तुमच्याकडे सून म्हणून कामाला असलेल्या चिझुरु आजपासून येणार नाहीत. त्यांचा एप्रन पोस्टाने परत येईल." आम्ही इतक्या हसलो की शेजारच्या टेबलावरचं बाळ रडायला लागलं.

मग ती म्हणाली, कायद्यातही सोय आहे. नवरा गेल्यावर नगरपालिकेत एक कागद द्यायचा, की सासरचं नातं संपतं. सासरच्यांना विचारावंही लागत नाही. "तुला फक्त इवाओसान जायची वाट पाहायची आहे. ब्लडप्रेशर आहे ना त्यांना?"

मी पर्स उचलली आणि निघून आले. कॅरामल पुडिंग अर्धं तसंच राहिलं. मित्सुए मागून हाका मारत होती, "अगं, थट्टा केली मी, बस ना."

एवढं काय लागलं मला, कळत नाही. उकाडा फार आहे. घरी येऊन इवाओंच्या गोळ्या मोजून डबीत भरल्या. आमटीत मीठ कमी टाकलं. त्यांनी दोनदा मिठाच्या बरणीकडे पाहिलं.

१७ जुलै, गुरुवार

सकाळी माएकावा दारात आला. गळ्यात टॉवेल, हातात दगडाच्या भुकटीने पांढरी झालेली टोपी. काम झालं म्हणाला. "ताई, लाल रंग झकास उठलाय. दोघांचाही."

दोघांचा म्हणजे कुणाचा, असं मी विचारलं. तो म्हणाला, साहेबांचा आणि तुमचा.

मी एप्रनसकट निघाले. वर पोचेपर्यंत दोनदा बसले, एकदा कुणाच्या तरी पूर्वजांच्या ओट्यावर. वाटेत किती थडगी रिकामी केलेली दिसली. पायऱ्या चढवत नाहीत म्हणून लोक पूर्वजांना खाली गावात घेऊन जातात. मागे उरतो तो नुसता चौकोन, दात पडल्यासारखा.

आमचं चकाकत होतं. सासूबाई सोन्याच्या: तोमे. शेजारी लाल रंगात इवाओ. आणि त्याच्या शेजारी, लाल रंगात, मी.

मी खूप रागावले. मग नीट पाहिलं. ते माएकावाचं अक्षर नव्हतं. इवाओंनी जन्मभर गोदीत जहाजांच्या नळांचे नकाशे काढले. नळाचा क्रमांक घालावा तसं ते सगळं लिहितात, उभं, ताठ, प्रत्येक रेघ एकसारखी. माएकावाने नंतर सांगितलं, "साहेबांनी स्वतः लिहून दिलं. त्यांचं नाव एका झटक्यात झालं. तुमच्या नावाला कागद बदलत राहिले. मी म्हटलं साहेब, चांगलं आहे की. तर म्हणे नाही, शेवटची रेघ वाकडी गेली."

मी तिथे बराच वेळ बसले. खाली बंदर, गोदीची क्रेन. माझं हे नाव कुणी वापरत नाही आता. मैत्रिणी सोडल्या तर पोस्टमन आणि दवाखाना. रेघ त्यांनी जरा जाडच ओढली आहे असं माझं मत पडलं.

आणि एक नवीनच काळजी शिरली. इथे आत ते 'आई' म्हणून हाक मारतील तेव्हा ओ कुणी द्यायची?

रात्री भेंडी केली, जी त्यांना आवडत नाही. सगळी संपवली त्यांनी.

१८ जुलै, शुक्रवार

न्याहारीच्या वेळी मी म्हटलं, "मी राहू दे म्हटलं होतं."

"हो ना," इवाओ म्हणाले. "म्हणून राहू दिलं."

"राहू दे म्हणजे नको."

"असं होय," म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. चष्मा स्वच्छच होता.

इतकी वर्षं एका घरात काढून माणसाला साधा शब्द कळू नये याचं मला नवल वाटलं. मी सगळं सांगून टाकलं: बाग, झाड, मित्सुए, सायो, पांढरे हातमोजे. माहितीपत्रकही पुढे ठेवलं. त्यांनी ते नकाशा वाचावा तसं दोन्ही बाजूंनी वाचलं. पाण्याचा निचरा कसा आहे, विचारलं. उतारावर आहे म्हटल्यावर समाधान झालेलं दिसलं. मला वाटलं, चला, हेही सोपं गेलं.

मग ते म्हणाले, "म्हणजे वर मी आणि आई."

"हो."

"दोघंच."

"तुमच्याच आई आहेत."

चहा थंड झाला. मग चहाच्या कपालाच सांगितल्यासारखं म्हणाले, "आई आणि मी कधी दोघंच एका खोलीत बसलो असू तर आठव. मधे तू असायचीस. ती तुला बोलायची आणि मी पेपर वाचायचो."

"ते मला चांगलं आठवतंय."

"तिथे पेपर नसणार."

मला हसू आलं आणि रागही आला. जन्मभर मला ढालीसारखं पुढे धरलं, आणि आता मेल्यावरही धरायचं म्हणतात. मी तसं म्हटलंही. त्यांनी मान खाली घालून कबूल केलं. मग विचारलं, "तिकडे पुरुष घेतात का?"

२५ जुलै, शुक्रवार

मित्सुए पुडिंगच्या दिवसानंतर प्रथमच भेटली. बसायच्या आधीच माझ्यासमोर एक पुडिंग सरकवलं. ते मी खाल्लं, आणि तो विषय आम्ही तिथेच संपवला.

इवाओंना बरोबर नेलं होतं. त्यांनी लग्नाचा कोट घातला होता, जुलैमध्ये. मांजर-रोबो समोर आल्यावर त्यांनी त्याला वाकून नमस्कार केला आणि त्याची चाकं कशी वळतात ते पाहायला खाली वाकले, तेव्हा रोबो "कृपया बाजूला व्हा, म्याव" म्हणत राहिला. सायोला ते आवडलं. मित्सुए परीक्षकासारखी बसली होती.

"तुम्ही चहा करता का?" मित्सुएने विचारलं.

"शिकलो तर येईल."

"गप्पांत मधे मधे बोलता का?"

"बायको म्हणते, बोलतच नाही."

"मग तुम्हाला घेऊन फायदा काय?"

ते विचारात पडले. मग म्हणाले, "निचरा बघेन."

मतदान झालं. सायो बाजूने. मित्सुए विरुद्ध, तिच्या मते जो आमच्या शाळेत नव्हता त्याला तिथे जागा नाही, आणि शाळा मुलींची होती. मी मत दिलं नाही. पक्षपात दिसला असता. बरोबरीत सुटलं म्हणजे नामंजूर, असं मित्सुएने जाहीर केलं. इवाओंनी नियम म्हणजे नियम म्हणून मान्य केलं, बिल भरलं, आणि बाहेर येऊन आधी कोट काढला. पाठ पूर्ण भिजली होती.

ट्राममध्ये ते खिडकीबाहेर पाहत राहिले. उतरताना म्हणाले, "तू मात्र जा. तिथे पायऱ्या नाहीत. घरी गेलो की मी फोन करतो त्या मुलीला."

आणि खरंच केला. दारामागून ऐकलं. माझं नाव सांगताना अडखळले. 'आई' म्हणणार होते, मग थांबून म्हणाले, "चिझुरु." पुन्हा एकदा, स्पष्ट करून, "चिझुरु. माझी बायको."

माझ्या मनासारखं झालं. आता मला आनंद व्हायला हवा. उद्या होईल कदाचित.

२ ऑगस्ट, शनिवार

माएकावाला विचारलं, माझं नाव काढता येईल का. तो म्हणाला, दगडाचा तो अख्खा थर घासावा लागेल. त्यात साहेबही जातील आणि तोमेआजीही. "तोमेआजीला घासायची माझी तरी हिंमत नाही, ताई." माझीही नाही.

तो आणखी एक बोलला आणि त्यामुळे मला रात्री छान झोप लागली. म्हणाला, अस्थी काय, वाटून ठेवतात की. थोड्या इथे, थोड्या तिथे. नगरपालिकेचा दाखला घेतला की झालं.

शाळेत आम्हाला शिकवलं होतं, की एका माणसाला दोन मालकांची चाकरी करता येत नाही. सिस्टर ओदीलना सून व्हावं लागलं नव्हतं.

१६ ऑगस्ट, शनिवार

ओबोन पार पडला. आकिहो आणि जावई आले होते. संध्याकाळी सगळा डोंगर कंदिलांनी भरला. दरवर्षीसारखे आम्ही थडग्यापुढे फटाके उडवले. इवाओंनी एक बाण सासूबाईंच्या अगदी कानाशी लावला आणि झटकन माझ्या मागे येऊन उभे राहिले. लाल नावं सगळ्यांना आवडली. आकिहोला मी दोन ठिकाणांचं सांगितलं. तिने एकच प्रश्न विचारला, "दोन्हीकडे पार्किंग आहे का?"

ती आज सकाळी गेली. घाईत बरंच सांगायचं राहिलं. ही वही ती कधीतरी उघडेलच, तेव्हा इथेच लिहून ठेवते.

आकिहो, काळा किमोनो तुला. तुझ्या उंचीला आखूड होईल, पण खालची मुडप उसवलीस की पुरेल. जपमाळ सायोला दे. ती देवाला मानत नाही, पण तिला काहीतरी मोजत बसायला आवडतं. तिचा कान आणखी बिघडला असेल तर दोनदा सांग की ही तिच्यासाठीच आहे. मित्सुएला माझे सगळे रेशमी रुमाल. ती म्हणेल, जुने आहेत. म्हणू दे, पण घेतल्याशिवाय सोडू नकोस.

कोंड्यातल्या लोणच्याचं मडकं बाबांकडे राहू दे. ते आजीच्या सासूपासून चालत आलं आहे, रोज सकाळी हात घालून तळापासून ढवळावं लागतं, नाहीतर बिघडतं. बाबा म्हणतील, मला जमणार नाही. त्यांना सांग, कोपरापर्यंत बाही वर करायची आणि नकाशे काढताना करायचे तसं नेटकं करायचं. रोज. म्हणजे रोज उठतील.

आता माझं. दहन झाल्यावर चॉपस्टिकने अस्थी उचलाल तेव्हा गळ्यातलं ते हाड, ज्यात ध्यानाला बसलेला बुद्ध दिसतो म्हणतात, ते बागेत जाईल, मैत्रिणींकडे. तिथे बोलायला लागेल. बाकी सगळी मी डोंगरावर. माझ्या नावाचा लाल रंग तेवढा माएकावाकडून काढून घे; तो नसेल तर त्याच्या मुलाकडून. कलश ठेवताना आजी डावीकडे, बाबा उजवीकडे. मला मध्ये ठेव. बाबा आधी गेले तर ते माझी वाट पाहतील तेवढे दिवस त्यांच्या कलशाजवळ पेपर ठेवत जा, शिळा चालेल.

आणि बाबांच्या अस्थींतला एक चमचा काढून बागेत, झाडाच्या मुळाशी टाक. मित्सुएला सांगू नकोस.